दंडावरची खूण : देवीच्या रोगाची आणि त्यावरील उपायाची हकीकत



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी स्मरणिकेत काय लिहावे, हा प्रश्न लेखकापुढे नेहमीच उभा राहतो. देवळाची पायाभरणी, घंटेचे आगमन, पूर्वीच्या धर्मगुरूंची परंपरा, सणांचा थाट, या गोष्टी इतर लेखक माझ्याहून चांगल्या रीतीने सांगतील. मी मात्र आज आपणापुढे एका शत्रूचा इतिहास मांडू इच्छितो. या शत्रूने आपल्या पूर्वजांच्या घराघरांतून मुले उचलून नेली, आणि त्याचे नावसुद्धा आता आपल्या तरुण मंडळींना धड ठाऊक नाही. तो शत्रू म्हणजे देवीचा रोग.

हा विषय सुचण्यास कारण घडले ते असे. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात एका लहान मुलीने माझ्या डाव्या दंडाकडे बोट दाखवून विचारले, "फादर, हा डाग कसला?" त्या दंडावर लहानपणी टोचलेल्या लशीचा व्रण आहे, पावलीएवढा, मधोमध सुरकुतलेला. माझ्या वयाच्या व त्याहून वडील अशा बहुतेकांच्या दंडावर तो आढळेल. मी म्हणालो, "बाळ, ही देवीची खूण." त्यावर तिने विचारले, "कोणत्या देवीची?" वर्गात हशा पिकला, मीही हसलो. परंतु रात्री अंथरुणावर पडल्यावर तो प्रश्न पुन्हा मनात आला, आणि वाटले, या मुलीला हे ठाऊक नसावे, यातच मनुष्यजातीचा केवढा मोठा विजय साठवलेला आहे! तिच्या पणजीला हा प्रश्न पडलाच नसता. म्हणून ज्यांच्या दंडावर ही खूण नाही, त्यांच्यासाठी हा लेख.

प्रथम त्या रोगाचे स्वरूप सांगतो. देवीचा रोग एका अतिसूक्ष्म विषाणूमुळे होत असे. रोग्याच्या श्वासातून, थुंकीतून, फोडांतील पाण्यातून आणि अंथरूण-पांघरुणातून तो दुसऱ्यास लागे. लागण झाल्यावर दहा-बारा दिवस काहीच कळत नसे. मग एकाएकी सडकून ताप भरे, कंबर व डोके ठणके, आणि दोन-तीन दिवसांनी तोंडात, चेहऱ्यावर, हातापायांवर पुरळ उठे. त्या पुरळाचे टपोरे फोड होत, फोडांत पू भरे आणि शेवटी खपल्या धरत. दहा रोग्यांपैकी सुमारे तीन दगावत. जे वाचत त्यांच्या चेहऱ्यावर जन्मभराचे वण राहत आणि कित्येकांची दृष्टी जाई. मात्र एकदा हा रोग होऊन गेला म्हणजे तो माणसास सहसा पुन्हा होत नसे. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सारा इतिहास तिच्यावर उभा आहे.

हा रोग राजा-रंक असा भेद पाहत नसे. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई इ. स. १७७४ साली देवीनेच मरण पावला. पोर्तुगीजांच्या गोव्यात इ. स. १५४५ च्या साथीत आठ हजार मुले दगावल्याचे इतिहासकारांनी नमूद केले आहे. त्या काळी आपले चौल हे मोठे बंदर होते. पोर्तुगीजांनी इ. स. १५२१ पासून तेथे कोट बांधण्यास आरंभ केला आणि इ. स. १७४० साली तो मराठ्यांच्या स्वाधीन केला. त्यानंतर मागे राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांची पोर्तुगीज वळणाची बोली आजही कोर्लईत कानी पडते. बंदरात जसा परदेशचा माल उतरतो तसे परदेशचे रोगही उतरतात. किनाऱ्यावर राहणाऱ्या लोकांनी समुद्राकडून मासळी घेतली, मीठ घेतले, आणि साथीही घेतल्या.

अशी साथ आली म्हणजे आपल्या भागातील माणूस उपायासाठी कोठे जाई? आपले हिंदू शेजारी चौलच्या शीतळादेवीस शरण जात. रोगालाच त्यांनी 'देवी' म्हटले, यात भीतीइतकाच आदरही होता. घरी 'देवी आल्या' म्हणजे रोग्याच्या उशापायथ्याशी कडुनिंबाचा पाला ठेवावा, फोडणीचा वास घरात होऊ देऊ नये, थंड अन्न द्यावे, मोठ्याने बोलू नये, आणि खपल्या गळून पडल्यावर अंघोळ घालून देवीस निरोप द्यावा, अशी रीत होती. ख्रिस्ती घरांत संत सेबास्तियनची प्रार्थना होई, रोझरी होई, नवस होत. आणि काही वृद्ध स्त्रियांच्या तोंडून मी असेही ऐकले आहे, की मूल तापाने फणफणत असताना आई दोन्ही दारे ठोठावीत असे. एका हाताने मेणबत्ती लावी आणि दुसऱ्या हाताने शेजारणीबरोबर गुपचूप नारळ पाठवी. त्या आयांना दोष देण्याचे धैर्य मला होत नाही. पोटचे पोर जळत असता जी बाई दार ठोठावीत नाही ती आई कसली?

तथापि इतिहास लिहिताना सत्य सांगितले पाहिजे. या जुन्या रीतींत काही चांगले होते. रोग्यास स्वस्थता मिळे, पचण्यास हलके अन्न मिळे आणि त्याच्या अंथरुणाशी फारशी वर्दळ होत नसे. पण काही घातकही होते. रोग हा देवीचा कोप किंवा ईश्वराची शिक्षा असे मानल्यामुळे पुष्कळ घरे तो लपवीत. औषध घेतले तर कोप वाढेल, अशी धास्ती काहींस वाटे. तर पाप कोणाचे, याची कुजबुज ख्रिस्ती वाड्यांतही चाले. जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी असाच प्रश्न विचारला होता आणि प्रभूने तो साफ फेटाळून लावला होता, याचा आपल्याच लोकांना विसर पडे.

वैद्य, हकीम, गोव्याकडील पोर्तुगीज वैद्य, या सर्वांनी आपापल्या परीने यत्न केले. कोणी काढे दिले, कोणी लेप लावले, कोणी शीर तोडून रक्त काढले. परंतु खरी गोष्ट अशी, की यांपैकी एकाकडेही या रोगाचे औषध नव्हते. रोग पृथ्वीवरून नाहीसा झाला तोपर्यंत, म्हणजे अगदी इ. स. १९७७ पर्यंत, जडलेली देवी बरी करील असे सिद्ध औषध जगातील कोणत्याही डॉक्टरापाशी नव्हते. जो आजारी पडला त्याची शुश्रूषा करावी आणि वाट पाहावी, एवढेच हाती होते. उपाय निघाला तो आजाऱ्यासाठी नव्हे, तर जो अजून धडधाकट आहे त्याच्यासाठी. आणि धडधाकट मुलाला मुद्दाम जखम करून घेण्यास आईबाप सहजासहजी कसे राजी होतील? म्हणून हा इतिहास जितका औषधाचा, तितकाच विश्वासाचाही आहे.

एकदा देवी येऊन गेल्या म्हणजे त्या सहसा पुन्हा येत नाहीत, हे लोकांनी फार पूर्वी हेरले होते. तेव्हा सौम्य दुखणे मुद्दाम आणून मोठे दुखणे टाळावे, ही युक्ती निघाली. रोग्याच्या फोडातील पू किंवा खपली घेऊन निरोग्याच्या कातडीखाली टोचावयाची. बंगाल्यात हे काम करणारे टीकादार गावोगाव फिरत. हॉलवेल नावाच्या इंग्रजाने इ. स. १७६७ साली त्याचे वर्णन छापून प्रसिद्ध केले. तुर्कस्तानातून हीच रीत इ. स. १७२१ च्या सुमारास इंग्लंडात गेली. मात्र ही खरी देवीच असल्यामुळे टोचलेल्यांपैकी काहीजण मरत, आणि टोचलेल्या माणसापासून इतरांस रोग लागण्याचे भय राही.

या धोक्यापायी पुष्कळांचे मन कचरे. ज्या पोर्तुगालने आपल्या किनाऱ्यावर दोनशे वर्षे अंमल केला, त्याच देशाच्या राजघराण्याची एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. राणी पहिली मारिया ही मोठी धर्मनिष्ठ बाई. आपल्या वडील मुलास, युवराज जोझे यास, टोचून घेण्यास तिने धार्मिक शंकेमुळे संमती दिली नाही, असे सांगतात. इ. स. १७८८ साली तो सत्तावीस वर्षांचा राजपुत्र देवीनेच गेला. राणीच्या दुःखास पारावार राहिला नाही आणि पुढे काही वर्षांनी तिचे चित्तही भ्रमिष्ट झाले. भक्ती ही थोर गोष्ट आहे. पण भीतीने भक्तीचा झगा पांघरला म्हणजे काय घडते, हे त्या मातेने दाखवून दिले.

याच्या आठच वर्षांनंतर, १४ मे १७९६ रोजी, इंग्लंडातील एडवर्ड जेन्नर या खेड्यातील डॉक्टराने निराळा मार्ग दाखविला. गाईच्या आचळांवर देवीसारखे फोड येतात, आणि दूध काढणाऱ्या गवळणींच्या हातांना ते लागले तर त्यांना पुढे देवी येत नाहीत, असे खेडुतांचे म्हणणे त्याने ऐकले होते. सारा नेल्म्स नावाच्या गवळणीच्या हातावरील फोडातील लस घेऊन त्याने जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावर टोचली. पुढे त्याच मुलाला खऱ्या देवीचा पू टोचून पाहिला, तरी देवी आल्या नाहीत. लॅटिन भाषेत गाईला 'वाक्का' म्हणतात. त्यावरूनच या उपायास 'व्हॅक्सीन' हे नाव पडले. आपल्या मराठीने मात्र जखमेतून पाझरणाऱ्या पाण्यासाठी असलेला आपला जुना शब्दच त्यास दिला : लस. किती सार्थ नाव! कारण ही लस बाटलीत जन्मली नव्हती. ती एका मुलाच्या दंडातून पाझरून दुसऱ्याच्या दंडात जात असे.

उष्ण प्रदेशात नेताना ही लस टिकत नसे. दोऱ्यावर वा काचेवर वाळवून पाठविलेली लस वाटेतच निकामी होई, आणि हिंदुस्थानात ती आणण्याचे कित्येक यत्न असे फुकट गेले. अखेर व्हिएन्नाच्या डॉक्टर द कारो याने लोंबार्डीतील गाईंपासून मिळालेली लस कॉन्स्टँटिनोपलच्या मार्गाने पूर्वेकडे रवाना केली. ती बगदादला पोहोचली, तेथून बसऱ्यास आली आणि बसऱ्याहून गलबतावर चढून मुंबई बंदरात उतरली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती टोचण्यात आली आणि तिच्यावर लागू पडली. हिंदुस्थानात देवीची लस प्रथम लाभली ती या मुलीस. डॉक्टर हेलेनस स्कॉट यांच्या देखरेखीखाली हे कार्य झाले. पोर स्वभावाने मोठी गुणी होती, एवढे त्या डॉक्टरांनी लिहून ठेवले आहे. याहून तिच्याविषयी फारशी माहिती मिळत नाही. पुढल्या आठवड्यात तिच्या दंडावरील फोडातील लस आणखी पाच मुलांस टोचली. तेथून ती हैदराबाद, कोचीन, मद्रास अशी दंडामागून दंड करीत साऱ्या देशभर गेली.

वाचकहो, क्षणभर थांबून विचार करा. मुंबई बंदरापासून आपला किनारा शिडाच्या होडीला काही तासांचा. त्या बंदरात एका तीन वर्षांच्या मुलीने हात पुढे केला, ती रडली असेल किंवा नसेल, पण तिच्या त्या इवल्या दंडावर साऱ्या देशाची आशा एक आठवडाभर टेकून राहिली होती. तो फोड जर धरला नसता, तर बसऱ्याहून पुन्हा लस येईपर्यंत किती घरे ओस पडली असती, याचा हिशेब परमेश्वरालाच ठाऊक.

असाच प्रकार जगाच्या दुसऱ्या टोकासही चालला होता. स्पेनच्या राजाने आपल्या दूरदूरच्या मुलखात लस पोहोचविण्यासाठी इ. स. १८०३ साली डॉक्टर बाल्मिस यांची मोहीम धाडली. महासागर ओलांडेपर्यंत लस जिवंत कशी ठेवावी? त्यांनी बावीस लहान मुले बरोबर घेतली; त्यांतील बहुतेक अनाथालयातील होती. दर नऊ-दहा दिवसांनी दोन-दोन मुलांस टोचीत, एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर लस चालवीत, त्यांनी अमेरिकेचा किनारा गाठला. त्या मुलांची आई होऊन अनाथालयाची चालिका इझाबेल सेंदाल त्यांच्याबरोबर गेली. पुढे अमेरिकेतील मुले घेऊन ही मोहीम फिलिपाईन्स बेटांवर पोहोचली आणि तेथून लस मकाव व कँटनपर्यंत गेली. ज्यांना जगात कोणी वाली नव्हते, अशा लेकरांनी आपल्या दंडांवरून लक्षावधी लोकांचे आयुष्य वाहून नेले. तथापि त्या मुलांची संमती कोणी विचारली नव्हती, हेही सांगणे न्यायाचे आहे.

आता पुन्हा आपल्या भागाकडे वळू. इ. स. १८२७ च्या सुमारास मुंबई इलाख्यात लस टोचण्याच्या कामाची व्यवस्था लावण्यात आली आणि गावोगाव हिंडून देवी काढणारे कामगार नेमण्यात आले. आंग्र्यांचे कुलाबा संस्थान इ. स. १८४० साली कंपनी सरकारने खालसा केले. दक्षिणेस मुरूडच्या बाजूला नबाबाचे जंजिरा संस्थान मात्र पुढे शंभरावर वर्षे राहिले. दोन राज्ये, दोन कारभार. पण रोगाला ना परवाना लागे, ना जकात. आज ज्यास आपण रायगड जिल्हा म्हणतो त्याचे हे नाव इ. स. १९८१ पासूनचे; तोवर तो कुलाबा जिल्हा होता.

देवी काढणारा गावात आला म्हणजे काय होई, याची कल्पना करणे कठीण नाही. त्याच्याबरोबर आदल्या गावी टोचलेले एखादे मूल असे, कारण त्या मुलाचा दंड हीच त्याची औषधाची बाटली. आठवे दिवशी फोड पिकला म्हणजे नस्तराने तो उघडून त्यातील लस नव्या मुलांस टोचावयाची. टोचून घेण्यास जे राजी होत, तेही आठवे दिवशी मूल पुन्हा घेऊन येण्यास कांकू करीत. आपल्या लेकराच्या फोडास पुन्हा नस्तर लागावे, हे कोणास आवडेल? शिवाय कोणत्या जातीच्या मुलाच्या अंगातील पाणी आपल्या मुलाच्या अंगात जाते, ही शंका होतीच. एका माणसाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर कधीकधी दुसरेच रोग जात, ही भीती तर अगदीच निराधार नव्हती. गावाने देवी काढणाऱ्यास पाहून दारे लावून घेतली, तर त्यास केवळ अडाणीपणा म्हणून चालणार नाही. तो परका होता, सरकारचा होता, आणि लोकांच्या मुलांस जखम करीत होता.

ही दारे हळूहळू उघडली ती आपल्याच माणसांनी हे काम हाती घेतले तेव्हा. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज इ. स. १८४५ साली सुरू झाले आणि इ. स. १८५१ साली तेथून पहिले आठ पदवीधर बाहेर पडले. त्यांत डॉ. भाऊ दाजी, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. अनंत चंद्रोबा होते, तसेच सेबास्तियन कार्व्हालो, जोझे कामिल्लो लिस्बोआ व पॉल फ्रान्सिस गोम्स हे तीन ख्रिस्ती डॉक्टरही होते. आपल्या वाचकांनी ही नावे अभिमानाने स्मरावी. पैकी डॉ. अनंत चंद्रोबा यांनी पुढे मुंबईत वासराच्या अंगावर लस वाढविण्याच्या कामात पुढाकार घेतला. वासरापासून लस मिळू लागल्यावर दुसऱ्याच्या मुलाचा दंड नको झाला आणि आठव्या दिवशीची कटकट संपली. गाईच्या जातीस त्रास होतो म्हणून काहींनी त्यासही हरकत घेतली. परंतु विश्वासाची एक पायरी चढली होती. इ. स. १८७७ साली मुंबई शहरात मुलांस लस टोचणे कायद्याने सक्तीचे झाले आणि इ. स. १८९२ च्या कायद्याने जिल्ह्यांतही तशी सक्ती लागू करण्याची सोय झाली. विसाव्या शतकात बेळगावच्या लस संस्थेत इलाख्यासाठी लस तयार होऊ लागली. दंडाधिकाऱ्याच्या धाकाने काही टोचले गेले, हे खरे. पण शेजारच्या घरातील टोचलेले मूल साथीतून वाचलेले पाहून जे टोचले गेले, त्यांची संख्या निःसंशय मोठी असावी.

धर्माधिकाऱ्यांनी काय केले, असा प्रश्न वाचक विचारतील. सर्वांची वर्तणूक सारखी नव्हती. कोणी लशीस ईश्वराच्या इच्छेविरुद्ध म्हटले, तर कोणी प्रवचनपीठावरून लोकांस टोचून घेण्यास सांगितले. खुद्द पोपच्या राज्यात, सातवे पायस यांच्या कारकीर्दीत, कार्डिनल कोन्साल्वी यांनी इ. स. १८२२ साली लस टोचण्याच्या कामासाठी फर्मान काढले. बेन सिराच्या ग्रंथात वैद्याचा मान राखण्यास सांगितले आहे आणि औषधी या धरतीतून परमेश्वरानेच निर्माण केल्या असेही म्हटले आहे. प्रार्थना आणि औषध यांच्यात वैर आहे, ही समजूत आपल्या धर्मशास्त्राची नव्हे. ती आपल्या भीतीची आहे.

असे असूनही विसाव्या शतकात या रोगाने जगभर सुमारे तीस कोटी माणसे मारली, असा अंदाज आहे. स्वतंत्र भारताने इ. स. १९६२ साली देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि इ. स. १९६७ पासून जागतिक आरोग्य संघटनेने साऱ्या जगात ही मोहीम जोराने चालविली. उन्हात टिकणारी वाळविलेली लस आणि दोन टोकांची साधी सुई, ही तिची शस्त्रे. पण खरे शस्त्र निराळेच होते. सर्वांस सरसकट टोचण्यापेक्षा रोगी शोधून काढावा, त्यास वेगळे ठेवावे आणि त्याच्या आसपासच्या प्रत्येकास टोचावे, ही ती रीत. त्यासाठी कामगार घरोघर फिरले. देवीच्या रोग्याची खबर देणाऱ्यास बक्षीस जाहीर झाले आणि ते वाढत वाढत एक हजार रुपयांपर्यंत गेले. जो रोग शतकानुशतके लोकांनी दाराआड लपविला, तो आता उघडपणे सांगितला जाऊ लागला. माझ्या मते या मोहिमेचा खरा विजय तो हाच.

इ. स. १९७४ साली बिहारात भयंकर साथ आली. त्या वर्षी देशात एक लाख अठ्ठ्याऐंशी हजारांच्या आसपास रोगी व एकतीस हजारांच्या आसपास मृत्यू नोंदले गेले. आणि पुढल्याच वर्षी, मे १९७५ मध्ये, बिहारच्या कटिहार जिल्ह्यात देशातील शेवटचा स्थानिक रोगी आढळला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बांगलादेशातील भोला बेटावर रहिमा बानू ही जेमतेम तीन वर्षांची मुलगी आजारी पडली. देवीच्या उग्र प्रकाराचा तो निसर्गतः झालेला जगातील शेवटचा रोगी, आणि ती मुलगी वाचली. तिच्या आजाराची खबर दिली बिलकिसुन्निसा नावाच्या आठ वर्षांच्या मुलीने. सौम्य प्रकाराचा शेवटचा रोगी सोमालियात इ. स. १९७७ साली सापडला. इंग्लंडात इ. स. १९७८ साली प्रयोगशाळेतून लागण होऊन एक स्त्री मरण पावली, तो या रोगाचा अखेरचा बळी. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य सभेने देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले.

मुंबई बंदरातील तीन वर्षांच्या ॲनापासून आरंभ झाला आणि एका खाडीकाठच्या बेटावर तेवढ्याच वयाच्या रहिमापाशी शेवट झाला. मधल्या पावणेदोनशे वर्षांत लेकरांनी हात पुढे केले म्हणून हे घडले.

येथे कोणी म्हणेल, फादर, रोग गेला, गोष्ट संपली, आता त्याचे काय? तर मला माझी स्वतःचीच एक चूक कबूल करावी लागते. काही वर्षांपूर्वी सणाच्या नोव्हेनाच्या दिवसांत माझ्या बरगडीवर एका बाजूस आग होऊ लागली आणि दुसऱ्या दिवशी पाण्याच्या फोडांचा पट्टा उठला. ती नागीण होती. सणाचे काम अडू नये म्हणून मी ते सदऱ्याखाली लपविले. एका सज्जन गृहस्थाने पाल्याचा लेप आणून दिला आणि हळूच सांगितले, की नागिणीची दोन टोके जुळली तर माणूस जगत नाही, तेव्हा मंत्र घालणाऱ्याकडे जावे. मंत्र घातला नाही, पण लेप मात्र लावला. पाचव्या दिवशी डॉक्टराकडे गेलो तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले, "फादर, या रोगावर गोळ्या आहेत, पण त्या पहिल्या तीन दिवसांत घेतल्या तर खऱ्या उपयोगी." त्या उशिराची किंमत म्हणून ती आग मी पुढे कित्येक महिने भोगली. ज्या इतिहासावर मी आज चार पाने लिहीत आहे, तो मला त्या वेळीही ठाऊक होता. जाणणे निराळे आणि आपल्या अंगावर आल्यावर तसे वागणे निराळे.

म्हणून स्पष्ट सांगतो. नागीण हा सर्पाचा कोप नव्हे. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या म्हणजे त्यांचा विषाणू शरीराच्या मज्जातंतूंत निजून राहतो आणि वयोमानाने किंवा अशक्तपणाने शक्ती उणी झाली म्हणजे जागा होतो. तो एका मज्जातंतूच्या वाटेने जातो, म्हणून पट्टा एकाच बाजूस उठतो. टोके जुळून मरण येते, ही समजूत खोटी आहे. मात्र फोडांतील पाण्यापासून ज्यांना कांजिण्या आलेल्या नाहीत अशांस कांजिण्या होऊ शकतात, म्हणून तान्ही मुले व गरोदर स्त्रिया यांना दूर ठेवावे. आणि डोळ्याजवळ फोड आले तर एक दिवसही घालवू नये, दृष्टी जाण्याचे भय असते. देवीवर औषध नव्हते, तेव्हा आपले पूर्वज दारोदार हिंडले, यात त्यांचा दोष काय? आज औषध असून आपण पहिले तीन दिवस भलत्याच दारी घालविले, तर दोष आपलाच.

तीच गोष्ट गोवराची. गोवराला आपण किरकोळ समजतो, पण इ. स. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ पसरली आणि तीत मुले दगावली. गोवराची लस सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते. पहिली नऊ महिने पुरे झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. जी आई मूल घेऊन त्या रांगेत उभी राहते, ती केवळ आपल्याच मुलाचे रक्षण करीत नाही. शेजारच्या झोपडीतील जे मूल अजून लशीच्या वयाचे झाले नाही, त्याच्याभोवतीही ती कुंपण घालते. याहून निराळा शेजारधर्म मला ठाऊक नाही. आणि कोणाच्या अंगावर फोड उठलेले दिसले, तर त्यास पापी ठरवू नका, त्याच्या घरावर बोट दाखवू नका. लोकलाज हे रोगाचे सर्वांत मोठे आश्रयस्थान आहे. लाज वाटली की माणूस लपवितो, आणि लपविले की रोग पसरतो.

असो. लेख लांबला, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पुढल्या रविवारी त्या मुलीला मी तिच्या प्रश्नाचे उत्तर देणार आहे. मी सांगेन, "बाळ, ही खूण कोणा देवीची नव्हे. तुझ्यासारख्याच एका लहान मुलीने फार वर्षांपूर्वी मुंबईला हात पुढे केला होता, तिची ही खूण. तुझ्या दंडावर ती नाही, कारण तुला तिची गरज उरली नाही." आणि मग तिच्या आईला विचारेन, की गोवराची दुसरी लस झाली की नाही.

परमेश्वर आपल्या सर्व घरांतील लेकरांस निरोगी ठेवो, आणि त्यासाठी जे करणे आपल्या हाती आहे ते वेळेवर करण्याची बुद्धी आपणांस देवो.

आपला प्रभूठायी नम्र सेवक,
धर्मग्रामगुरू